पंच कोण? : खेळांबद्दल वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की या सदराला येणारी पत्रं आणि मेसेज एकदम वाढतात, कारण मंडळांच्या स्पर्धा सुरू होतात आणि स्पर्धा आल्या की भांडणं आलीच. पूर्वी सगळे प्रश्न कॅरम आणि बुद्धिबळाचे असायचे. यंदा निम्मे मोबाईलवरच्या गेमचे आहेत, त्यामुळं त्यापासूनच सुरू करतो.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, बीजीएमआय (पबजीचाच भारतातला अवतार, मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) खेळतो. परवा म्हणाला टेलिग्रामवर टूर्नामेंट आहे, ५०० रुपये एंट्री, पहिलं बक्षीस १० हजार. मी नको म्हटलं तर म्हणतो आई हा जुगार नाही, सरकारनं ईस्पोर्ट्सला (व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना) मान्यता दिलीय. दोन दिवस घरात अबोला आहे. खरं काय समजायचं? (एक आई, राजारामपुरी)

ताई, पोरगा निम्मं खरं सांगतोय आणि उरलेलं निम्मं त्यालाच माहीत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ईस्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत घेतलं हे बरोबर. पण ही मान्यता त्या खेळप्रकाराला आहे, टेलिग्रामवर ग्रुप काढून बसलेल्या कुणाही ॲडमिनला नाही.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ईस्पोर्ट्स वेगळं, नुसते टाइमपासचे गेम वेगळे आणि पैशाचे गेम वेगळे असे कप्पे पाडलेत. पैसे लावून त्याबदल्यात पैसे मिळायची आशा असेल तर तो पैशाचा गेम, आणि तो सरळ बंद. यात कौशल्य किती आणि नशीब किती हा जुना वाद कायद्यानं बाजूलाच ठेवलाय, दोन्हीला एकच नियम. असा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळं पोराला पोलिसांची भीती घालू नका, ते खोटं ठरेल आणि पुढचं खरं पण तो ऐकणार नाही. ईस्पोर्ट्समध्ये एंट्री फी चालते, पण ती फक्त प्रवेशासाठी किंवा आयोजनाच्या खर्चापुरती, आणि बक्षीस खेळातल्या कामगिरीवर. पोरांचेच पैसे गोळा करून त्यातलेच जिंकणाऱ्याला वाटायचे हा प्रकार त्यात बसत नाही.

आता पोराला शेजारी बसवा आणि हिशोब त्यालाच करायला लावा. एका लॉबीत, म्हणजे एका मॅचमध्ये, १६ टीम, टीममध्ये चौघं, म्हणजे ६४ पोरं. ५०० माणशी असतील तर ३२ हजार गोळा झाले, मग वरचे कुठं गेले? ५०० टीममागं असतील तर गोळा झाले ८ हजार, मग ८ हजारात १० हजाराचं पहिलं बक्षीस कोण देतंय आणि का देतंय? मग विचारा नियमावली कुठं छापलीय, पंच कोण, कुणी हॅक वापरला तर तक्रार कुणाकडं करायची आणि निकाल किती वेळात. या चारातल्या एकाचंही उत्तर "ॲडमिन बघतो" असं आलं तर ५०० रुपये घरातच राहूद्यात. गेम ज्या कंपनीचा आहे तिची स्वतःची मोठी स्पर्धा असते, बीजीआयएस, २०२४ ला तिचं एकूण बक्षीस २ कोटी होतं, आणि तिच्या नोंदणीला पैसे लागत नाहीत. २ कोटीवाले फुकट घेतात आणि १० हजारवाला ५०० मागतो, हे एवढं वाक्य पुष्कळ आहे.

अजून एक बघा. या गेममध्ये १८ च्या खालच्यांना पालकांची परवानगी लागते आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. तुमच्याकडं कधी परवानगीचा ओटीपी आला होता का? नसेल आला तर पोरानं वय काय टाकलंय ते शांतपणे विचारा. बहुतेक घरात हाच घोळ निघतो.

प्रश्न : आमच्या तालमीत दरवर्षी गणपतीत कॅरम असतंय, यंदा पोरं म्हणत्यात बीजीएमआय ठेवूया, नाद खुळा करूया. हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, एक वायफाय आहे. स्पॉन्सर पण एक तयार झालाय, गेमिंग ॲपवाला. बाकी काय लागंल? (मंडळाचा कार्यकर्ता, मंगळवार पेठ)

भावा, पयला तो स्पॉन्सर कोण आहे ते बघ. पैसे लावून खेळायचं ॲप असेल तर त्याचा बॅनर मंडपात लावायचा नाही, टीशर्टवर नाही, स्ट्रीमवर पण नाही. वर सांगितलेल्या कायद्यात अशा ॲपची जाहिरात करणाऱ्याला वेगळी शिक्षा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ५० हजाराच्या स्पॉन्सरशिपपायी अध्यक्षाला कोर्टाच्या पायऱ्या नकोत. पेठेतला मिसळवाला, मोबाईल दुकानवाला, क्लासवाला, यांच्याकडं जा, ते देतात.

एंट्री पण फुकट ठेवा. कायद्यातली ईस्पोर्ट्सची व्याख्या कडक आहे, मान्यता पाहिजे नोंदणी पाहिजे, त्यात गल्लीतल्या मंडळानं फी घेऊन आपली मान कशाला अडकवायची. बक्षीस स्पॉन्सरच्या पैशातनं द्या. आणि कॅरमचा बोर्ड एकदा विकत घेतला की तो तुमचा, त्यावर कुणीही कितीही स्पर्धा घ्या, पण हा गेम कंपनीच्या मालकीचा आहे आणि बाहेरच्या आयोजकांसाठी तिचे नियम आहेत, परवानगीचा मामला आहे. त्यांच्या साइटवर जाऊन ते आधी वाचा, पोस्टर छापल्यावर नको.

आता वायफाय. सगळी पोरं एका हॉलमध्ये बसली म्हणून मॅच हॉलमध्ये होत नसती, प्रत्येक फोन थेट कंपनीच्या सर्व्हरशी बोलत असतोय. घरातल्या एका राउटरवर ६४ फोन लावले तर पयल्या सर्कललाच (खेळायची हद्द आक्रसत जाते ते वर्तुळ) निम्मी लॉबी लॅग होऊन, म्हणजे फोन अडखळून, मरंल आणि मग जे होईल ते शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल डर्बीच्या दिवशी बघितलंयसच. दोन वेगळ्या कंपन्यांची लाइन घ्या, हॉलमध्ये तीन-चार ठिकाणी ॲक्सेस पॉइंट लावा, आणि आदल्या दिवशी सगळ्यांचे नाही तर निदान वीस-तीस फोन एकदम जोडून बघा. हे जमत नसेल तर १६ टीमचा हट्ट सोडा आणि आठच टीम घ्या. लहान स्पर्धा नीट झालेली बरी. चार्जिंगचे बोर्ड मोजून ठेवा, फोन निम्म्यात बंद पडला तर मॅच परत होणार नाही हे आधीच सांगा.

गुण द्यायची पद्धत मोठ्या स्पर्धेतलीच घ्या, स्वतः शोधत बसू नका: पहिल्या नंबरला १०, दुसऱ्याला ६, मग ५, ४, ३, २, १, १, आणि प्रत्येक फिनिशला (समोरचा खेळाडू बाद केला की एक फिनिश) १. नुसतं जिंकणाऱ्याला गुण दिले की टीम झुडपात झोपून राहतात, आणि नुसत्या फिनिशला दिले की पयल्या पाच मिनिटांत सगळे एकमेकांवर तुटून पडतात आणि बघायला काय राहत नाही. किमान पाच-सहा मॅच ठेवा, एका मॅचमध्ये सर्कल कुठं पडंल ते नशीब असतंय, सहा मॅचमध्ये ते बऱ्यापैकी निघून जातं. दोन टीमची बरोबरी झाली तर काय, हे आधी लिहा. मोबाईल की टॅबलेट, ते आधी लिहा. कॉम्प्युटरवरचा एम्युलेटर (मोबाईलचा गेम कॉम्प्युटरवर चालवायचं सॉफ्टवेअर) चालणार नाही, हे तर मोठ्या अक्षरात लिहा.

प्रोजेक्टरवर मॅच दाखवणार असाल तर तो पडदा खेळाडूंच्या पाठीमागं असूद्यात आणि शक्यतो चित्र काही मिनिटं उशिरानं सोडा. नाहीतर प्रेक्षकातला मित्रच ओरडून सांगतो, "अरं डावीकडच्या घरात हाय बघ!" हेडफोन असले तरी आमच्या पेठांतला आवाज हेडफोनला जुमानत नाही.

आणि पंच. हा दुसऱ्या तालमीचा असावा, आपला नको, आणि त्याचं नाव पोस्टरवर छापा. त्यानं दिलेला निकाल अध्यक्षानं पण बदलायचा नाही. एवढं केलं तर तुमचा गणपती शांत जाईल. कॅरम बंद करू नका मात्र, कॅरम खेळणारे काका लोक वर्गणी देतात.

प्रश्न : माझी नात कागलहून कोल्हापूरला बुद्धिबळ स्पर्धेला गेली होती. ९ फेऱ्यांत तिला ७ गुण, दुसऱ्या एका मुलीलाही ७. तिला तिसरा नंबर आणि आमच्या नातीला सहावा! विचारलं तर म्हणे टायब्रेक. हा अन्याय नाही का? शिवाय पहिल्या दोन फेऱ्या हरूनही नात खेळत राहिली हेही मला समजलेलं नाही, आमच्या वेळी हरला की घरी. (निवृत्त शिक्षक, कागल)

गुरुजी, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. या पद्धतीला स्विस म्हणतात, १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली. स्पर्धेत २०० मुलं असतील तर प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं तर १९९ फेऱ्या, शाळा बुडेल. बाद पद्धत घेतली तर १०० मुलं पहिल्या डावानंतर घरी, आणि कागलहून पहाटे उठून आलेल्या मुलाला एक डाव खेळायला मिळणार. स्विसमध्ये कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ घालतात, जिंकलेले जिंकलेल्यांशी, हरलेले हरलेल्यांशी, आणि तीच जोडी परत येत नाही.

आता नंबरचं. तुमची नात पहिले दोन डाव हरली, म्हणजे तिसऱ्या फेरीत तिच्यासमोर आलेली मुलगीपण तशीच हरत आलेली होती. तिथून तिनं सलग सात जिंकले, कौतुकच आहे, पण त्या सातमधले सुरुवातीचे बरेचसे डाव तळातल्या टेबलांवरचे. दुसरी मुलगी बहुतेक पहिल्यापासून जिंकत वर गेली आणि शेवटाकडं वरच्या बोर्डवर हरली. दोघींचे गुण सारखे, पण समोर कोण होतं ते सारखं नाही. म्हणून तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी पूर्ण स्पर्धेत किती गुण कमावले त्याची बेरीज करतात, त्याला बुकोल्झ म्हणतात, ज्याची बेरीज जास्त तो वर. मला यात अन्याय दिसत नाही. आयोजकांनी हा टायब्रेक आधी लिहून लावला नसेल आणि नंतर सांगितला असेल तर मात्र तुमची तक्रार योग्य आहे, पुढच्या वेळी पहिल्या फेरीआधी नोटीस बोर्ड बघा.

नातीला फिडेचं (जागतिक बुद्धिबळ संघटनेचं) रेटिंग मिळालं नसेल तर रेटेड स्पर्धांना पाठवा. मार्च २०२४ पासून रेटिंगची किमान पातळी १४०० केलीय. हिशोब असा: १४०० ची मुलगी १६०० वाल्याशी खेळली तर तिच्याकडून अपेक्षा पाव डावाचीच धरतात, साधारण ०.२४. निकाल आणि अपेक्षा यांतल्या फरकाला एका गुणकानं गुणतात, १८ वर्षांखालच्यांना तो ४० असतो, त्यामुळं ती जिंकली तर ३० च्या आसपास रेटिंग वाढतं आणि हरली तर १० च्या आत कमी होतं. म्हणून लहान मुलांना वरच्यांशी खेळायला भिऊ देऊ नका. आणि तिला दोन सवयी आत्ताच लावा: ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं, आणि ज्या मोहऱ्याला खेळायच्या इराद्यानं हात लावला ते खेळायचंच. डाव चांगला असून यातच गुण गेलेली पोरं प्रत्येक स्पर्धेत दिसतात. फोन आजोबांकडं राहूद्यात, खेळण्याच्या हॉलमध्ये फोन सापडला तर डाव जातो.

लांब बघायची गरज नाही, शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि नूतन बुद्धिबळ मंडळानं कित्येक पिढ्या घडवल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे त्याच गावच्या पटावरच्या. आपल्या कोल्हापूरची ऋचा पुजारी महिला इंटरनॅशनल मास्टर आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, फायनलला समोर कोनेरू हंपी होती. नातीला हे डाव मोकळेपणानं इंटरनेटवर बघायला मिळतात. यासाठी मोबाईल दिला तर चालतंय.

प्रश्न : वय १९. बारावी झाली, ॲडमिशन घेतली नाही, वर्षभर गॅप घेऊन प्रो प्लेयर व्हायचं आहे. गेममधला टियर (दर्जा) चांगला आहे, मित्र म्हणतात तू व्हशील. घरचे ऐकत नाहीत. (उजळाईवाडी)

घरच्यांच्या बाजूनं बोलणार आहे, आधीच सांगतो. तू मेहनती नाहीस असं मी म्हणत नाही. पण २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली आणि जे पोरगं त्या दिवशी देशात वरच्या नंबरात होतं त्याच्याकडं दोन महिन्यांत खेळायला गेमच उरला नाही. जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं, जुलै २०२२ ला परत स्टोअरवरनं गायब, मे २०२३ ला परत आलं. तसलाच दुसरा गेम फ्री फायर, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला. खासबाग मैदान १९१२ पासून तिथंच आहे, पैलवानाचा गुडघा जाईल पण कुस्ती कुणी स्टोअरवरनं काढू शकत नाही. तुझ्या खेळाचा मालक दुसराच आहे, त्यानं किंवा सरकारनं बटण दाबलं की तुझं कौशल्य तिथल्या तिथं थांबतं.

टियर म्हणजे पण काही नाही, तो खेळत राहिलं की वाढतो. टीम निवडणारे बघतात ते स्क्रिम्समधले, म्हणजे सराव सामन्यांतले आकडे, तू आयजीएल (मॅचमध्ये टीमला सूचना देणारा) आहेस की असॉल्टर (पुढं जाऊन भिडणारा), तुझ्यामुळं बाकीचे तिघं नीट खेळतात का. म्हणून हे कर: ॲडमिशन घे, डिप्लोमा घे, बाहेरून बी.कॉम. कर, काहीही, आणि त्याबरोबर कायम चौघांची एकच टीम धरून बीजीआयएसच्या ऑनलाइन पात्रता फेऱ्या खेळ. तिथं किती फेऱ्या पुढं जाताय ते बघ. तुझा खरा नंबर तिथं कळेल, मित्रांकडून कळणार नाही. कुठल्या टीमनं करार पुढं केला तर सही करायच्या आधी एखाद्या वकिलाला दाखव. पगार किती आणि कधी, बक्षिसातला वाटा किती, आणि सोडायचं म्हटलं तर किती महिने अडकून राहणार, हे त्यात लिहिलेलं पाहिजे. आणि नुसतं खेळणं म्हणजेच हे क्षेत्र नाही, कॉमेंट्री आहे, ऑब्झर्व्हरचं (प्रेक्षकांना मॅचमधलं कुठलं दृश्य दाखवायचं ते ठरवणाऱ्याचं) काम आहे, स्पर्धेचं टेक्निकल काम आहे, मराठीतली कॉमेंट्री तर अजून चांगली अशी फार कमी ऐकायला मिळते.

प्रश्न : आमच्या आज्जीचा कापडी सारीपाट आहे, सोंगट्या लाकडी. महिला मंडळात स्पर्धा घ्यायची इच्छा आहे पण प्रत्येकीच्या घरचे नियम वेगळे निघाले आणि बैठक उधळली! (गडहिंग्लज)

उधळणारच! चार पट्ट्या, प्रत्येकीत तीन रांगा आणि आठ-आठ घरं, मिळून ९६, चार रंगांच्या चार-चार सोंगट्या, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं. पुढं फासे की कवड्या, कोणत्या दानानं सोंगटी पटावर येते, जोडी मारता येते की नाही, फुलीच्या घरात सोंगटी सुरक्षित का, हे प्रत्येक माहेरचं वेगळं. कुणाचं खरं यावर बसला तर पुढचा गणपती येईल. तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना एक नियमावली सांगायला लावा, दुसरीनं ती लिहून काढायची, सगळ्यांनी सही करायची. या स्पर्धेपुरते तेच नियम. बाकीच्यांचे नियम पण त्याच वहीत मागच्या पानांवर गावाच्या नावासकट लिहून ठेवा, हे कुठं छापलेलं सापडणार नाही आणि त्या बायका गेल्या की ते पण जाईल.

दान पडणं नशिबाचं असतं म्हणून एका डावावर कुणाला बाहेर काढू नका. प्रत्येक जोडीचे तीन डाव ठेवा. कोणती सोंगटी पुढं न्यायची आणि कोणती दडवून ठेवायची यातलं डोकं तीन डावांत दिसतं. डाव मात्र लांबतो, दुपारी दोनला बसलात तर सात वाजतील, घरी आधीच सांगून या.

प्रश्न : ईस्पोर्ट्स ऑलिम्पिकमध्ये आलं का? एकदा फायनल सांगा. (शिवाजी विद्यापीठ हॉस्टेल)

मुख्य ऑलिम्पिकमध्ये नाही. वेगळं ईस्पोर्ट्स ऑलिम्पिक सौदी अरेबियात घ्यायचं २०२४ मध्ये जाहीर झालं होतं, मग ते २०२७ वर गेलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो करारच संपला. आशियाई स्पर्धांचं म्हणाल तर २०१८ ला जकार्तात प्रदर्शनीय प्रकार होता, त्यात तीर्थ मेहतानं हर्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्य मिळवलं, पण ते अधिकृत पदकतक्त्यात मोजत नाहीत. २०२३ ला हांगझोऊमध्ये पहिल्यांदा खरी पदकं दिली, आपल्याला मिळालं नाही. तिथं पबजीची जी आवृत्ती होती तिच्यात माणसांना गोळ्या घालायच्या नव्हत्या, शर्यत आणि निशाणे होते. हॉस्टेलवर किती जणांना ती आवडली असती कुणास ठाऊक.

प्रश्न : कॅरममध्ये राणीचे ५ का ३? यावरनं आमच्या कट्ट्यावर बोलणं बंद झालंय. (इचलकरंजी, यंत्रमाग कामगार मित्रमंडळ)

आंतरराष्ट्रीय नियमांत ३. बऱ्याच कट्ट्यांवर ५ धरतात आणि घरात काळी १०, पांढरी २०, राणी ५० असं चालतं, त्यातलं कुठलंही खेळा, पण स्पर्धा म्हणून पोस्टर लावलं असेल तर ३. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, जे आधी होईल ते. तुमचे गुण २१ पर्यंत असतील तोवरच राणीचे ३ मिळतात, २२ झाले की राणी घेतली तरी नुसत्या समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्या मोजायच्या. आणि हे पण लिहून ठेवा, पुढचं भांडण यावरच होणार आहे: राणी कव्हर केली पण बोर्ड हरला, तर राणीचे गुण कुणालाच नाहीत.